कॅप्टन गंधकचे सम अंक

रविवार, ६ जानेवारी
ख्रिसमसचा खोका ठेवायला तळघरात उतरलो आणि कॅप्टन गंधक सापडला. लहानपणीच्या पाक्षिक कॉमिकचे बत्तीस अंक. चाळीस वर्षांनंतरही चेहरा तोच, चड्डी तीच. पोट माझं सुटलं, त्याचं नाही. खोका जिन्यातच राहिला, अंक वर आले.
निश्चय: कलेक्शन पूर्ण करायचं. एकूण चौसष्ट अंक. माझ्याकडे सगळे विषम. सम अंक धाकट्या भावाकडे, इवानोकडे. आई एका पंधरवड्याला मला पैसे द्यायची, पुढच्याला त्याला. आणि कॅप्टनची प्रत्येक गोष्ट विषम अंकात सुरू होऊन सम अंकात संपायची. म्हणजे माझ्या घरात कॅप्टन बत्तीस वेळा संकटात सापडतो आणि एकदाही सुटत नाही.
इवानोला विचारायचा प्रश्नच नाही. अकरा वर्षं बोलणं बंद. आईच्या थडग्यावर तिचा चष्म्यातला फोटो लावायचा की बिनचष्म्याचा, यावरून. बिनचष्म्याचा लागला. म्हणजे मी जिंकलो.

मंगळवार, ८ जानेवारी, सकाळी सव्वासात
ऑर्नेला म्हणाली, बावन्न वर्षांचा घोडा झालास, भावाला एक फोन करायला काय धाड भरलीय? मी बायकोला शांतपणे समजावलं की हा विषय शुद्ध कलेक्शनचा आहे, यात नाती घुसडू नकोस. मग ती म्हणाली, तर मग टेबलावरून तुझा कॅप्टन उचल, नाहीतर आज भोपळा भरलेला पास्ता, कापेलाच्ची, त्याच्या डोक्यावर वाढते.
उचलला. पण माझ्या इच्छेने.

शनिवार, १९ जानेवारी
कलेक्टरांसाठीचं हँडबुक मागवलं. फारच शास्त्रीय. दोन नियम पाठ केले. एक: आपल्याकडे काय आहे ते विक्रेत्याला कधीही सांगू नये. दोन: आणलेला अंक आधी स्वच्छ करावा, मगच वाचावा. पेन्सिलच्या खुणा मऊ रबराने किंवा पावाच्या गराने काढाव्यात.
पावाचा गर वापरून पाहिला. भूक लागली होती, खाल्ला. रबर आणणार.

रविवार, १० फेब्रुवारी
महिन्याचा जुना बाजार. प्रचंड धुकं. तुल्लिओच्या स्टॉलवर गेलो. हा इसम आमच्या फेरारा शहरातल्या सगळ्या कॉमिकवाल्यांचा धर्मगुरू समजला जातो. कॅप्टनचे सम अंक आहेत का, असं अगदी सहज विचारलं. म्हणाला, अहो, सम कुठले मागता, माझं एक गिऱ्हाईक चार वर्षं विषम अंकांसाठी माझं डोकं खातंय. तुमच्याकडे आहेत का विषम?
नाही म्हणालो. नियम एक. चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही.
ऑर्नेलाला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, चार वर्षं विषम शोधतोय म्हणजे त्याच्याकडे सम असणार, ओरेस्ते. तुला खरंच कळत नाही की सोंग घेतोस? मी म्हणालो, जगात कलेक्टर हजारो आहेत.

रविवार, १० मार्च
बाजाराला गेलो नाही. गुडघा. शिवाय विक्रेत्याला थोडं वाट पाहायला लावावं.

सोमवार, ११ मार्च
गुडघा बरा.

रविवार, २१ एप्रिल, ईस्टर
कोकराचं जेवण. आत्या झायराने वाढता वाढता बातमी दिली: इवानोने रोव्हिगोचं घर विकलं, परदेशी चाललाय म्हणे मुलीकडे. कुठे, ते कुणालाच सांगितलं नाही. बोलका कधी नव्हताच तो.
माझ्यावर काही परिणाम झाला नाही. दुसऱ्यांदा कोकरू घेतलं नाही, ते तेलकट होतं म्हणून.
निश्चय: पुढच्या आठवड्यात त्याला फोन करणार. फक्त सम अंकांबद्दल. मोठेपणा मोठ्यानेच दाखवायचा असतो.

गुरुवार, २५ एप्रिल
आज मुक्तिदिन. सुट्टीच्या दिवशी लोकांना फोन करून त्रास देऊ नये.

शुक्रवार, ३ मे
फोन केला. एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. तीनदा तेच म्हणाली. ऑर्नेला स्वतः गाडी काढून रोव्हिगोला जाऊन आली. बेलवरचं नाव बदललंय.
बरं झालं. आता तरी माणूस मोकळेपणाने कलेक्शनकडे लक्ष देऊ शकतो.

रविवार, १२ मे
विजय! तुल्लिओच्या स्टॉलवर सगळे सम अंक, २ ते ६४, एकाच दोरीत बांधलेले! तुल्लिओ कॉफीला गेला होता, त्याच्या सासूबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, सुटे मिळणार नाहीत हो, जावयाने बजावलंय. सुटे कोणाला हवेत! जावई यायच्या आत गठ्ठा काखोटीला मारून निघालो. हुशारी याला म्हणतात.

रविवार, १९ मे
आठवडाभर साफसफाई. एकही पान वाचलं नाही, नियम म्हणजे नियम. प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने मोठं ‘आय’ अक्षर. कुणी इग्नाझिओ असेल. इताला असेल. खोडलं.
६४ नंबरच्या शेवटच्या पानामागे मात्र आठ-नऊ ओळींची दाटीवाटी. डावीकडे झुकलेलं, डावखुऱ्या माणसाचं अक्षर. इवानोचंही असंच होतं, पण डावखुऱ्यांचं सगळ्यांचं सारखंच असतं. रबर हातात घेऊन थोडा वेळ थांबलो. का ते सांगता येत नाही. मग खोडलं. हात भरून आला.
ऑर्नेलाने विचारलं, काय लिहिलं होतं रे? म्हणालो, मुलांच्या रेघोट्या.

रविवार, ९ जून
तुल्लिओकडे बढाई मारायला गेलो. कलेक्शन पूर्ण झालंय, आता लपवण्यासारखं काय? सांगून टाकलं, विषम चाळीस वर्षं माझ्याकडेच आहेत.
तुल्लिओने हातातला कप खाली ठेवला. म्हणाला, म्हणजे तो भाऊ तुम्हीच? अहो देवा, आणि मला तोंडावर नाही म्हणालात?
मग त्याने सगळं सांगितलं. इवानो त्याला म्हणायचा, विषम माझ्या भावाकडे आहेत, पण तो फोन करणार नाही आणि माझ्याच्यानेही होत नाही. जायच्या आधी गठ्ठा घेऊन आला, कुठे चाललाय ते तुल्लिओलाही सांगितलं नाही. बजावून गेला, सुटे विकू नका, सगळे एकदम घेईल तो तोच असेल. शेवटच्या अंकात त्याच्यासाठी नवा पत्ता लिहिलाय, नंबर लिहिलाय, आणि आईच्या फोटोबद्दलही चार शब्द लिहिलेत. वाचेल तो.
तुल्लिओने विचारलं, वाचलंत ना?
हो म्हणालो.
घरी आल्यावर ६४ नंबर खिडकीशी धरला. तिरका धरला, उलटा धरला. ऑर्नेलाने भिंग आणून दिलं. मग ती बाहेर गेली आणि मी रडलो. हे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.
हँडबुकात कलेक्शन पूर्ण झाल्यावर भरायचा तक्ता आहे. भरला.
अंक ६४. कंडिशन: उत्तम. कागदावर पेन्सिलची खूण कुठेही नाही.