मोत्याची तपासणी

चिखली

प्रिय शंतनु,

घटस्फोटानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. ‘प्रिय’ खोडावंसं वाटलं होतं, पण त्या जागी दुसरं काही सुचलं नाही. राहू दे.

परवा शाळेला सुट्टी होती, म्हणून मोत्याला बुलडाण्याला दाखवून आणलं. तू पिशवीत घालून आणलेलं ते पिल्लू आता म्हातारं झालंय, तोंड पांढरं पडलंय. तिथल्या डॉक्टर समीक्षाताई म्हणतात, या वयात कुत्र्याला आजारी नसतानाच आणायचं, वर्षातून दोनदा. दुखलं तरी ते कळू देत नाही, शेपटी हलवत राहतं. वजन, दात, डोळे, हृदयाचे ठोके बघतात, पोट चाचपतात, रक्त-लघवी तपासतात. मागच्या खेपेला त्यातूनच त्याच्या मूत्रपिंडाचं दुखणं सुरुवातीलाच सापडलं. खाणं बदललं, औषध सुरू केलं. आता छान आहे. अंगणात येणाऱ्या मांजरावर भुंकतो.

मागच्या खेपेला तुझ्या आईही सोबत होत्या. आपलं फाटलं तेव्हा त्या माझ्याकडे राहिल्या, याचा राग तू अजून धरून आहेस. मी त्यांना थांबवलं नव्हतं. पुण्याला तुझ्या फ्लॅटवर महिनाभर राहून आल्या आणि दारातच म्हणाल्या, ‘आता मले इथंच राहू दे वं पोरी.’ मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, एवढंच.

त्या दिवशी मोत्या टेबलावर थरथरत होता आणि आईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. परतताना गाडीत येळगावचं धरण मागे पडल्यावर हळूच म्हणाल्या, ‘अश्विने, त्या बाईनं मोत्याचं पोट किती मायेनं चाचपलं. माह्यंबी कोणी पाह्यलं तं बरं होईन.’ मी गाडी थांबवायला लावली. विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीपासून त्यांना कुशीत जड वाटत होतं, घास उतरत नव्हता. मला वाटायचं, उन्हाळ्यामुळे जेवण कमी झालंय.

दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला. कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘इतके दिवस काय करत होता तुम्ही?’ माझ्या पर्समध्ये मोत्याचा रक्ताचा रिपोर्ट होता. तुला त्याच संध्याकाळी फोन केला होता. तू आलास तो आई माणसं ओळखेनाशा झाल्यावर.

आणि मग गावी, अमडापूरला, आईंच्या तेराव्याच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, तू तुझ्या गुलाबरावकाकांना म्हणालास, ‘कुत्र्याच्या तपासण्या वेळेवर होत होत्या. माझ्या आईची एकही झाली नाही.’ वाढणारे हात थांबले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाढत राहिले. मला बोलता आलं असतं. येळगावजवळ थांबलेल्या त्या गाडीत मी आईंना विचारलं होतं, एका घरात राहून मला काऊन नाही सांगितलं? तेव्हा त्या म्हणाल्या, ‘शंतनुले सांगतलं होतं ना दिवाळीले, फोनवर. तो म्हणे, वयानं होतच असते असं. अश्विनीले सांगू नको, उगाच दवाखाने मागं लावते. मंग मी चूप राह्यली.’ आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, ‘हे चारचौघांत काढू नको वं कधी. त्याले बोल लागन.’ चारचौघांत काढलं नाही, यापुढेही काढणार नाही. पण त्यांना काय होत होतं हे माझ्याआधी तुला माहीत होतं, आणि ते मला ठाऊक आहे, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तर पाठवू नकोस.

आईंचीच,
अश्विनी