गॅस कंपनीची रिकामी खुर्ची

रोवीनाताईस धाकट्या डार्सीचा नमस्कार.

लिहितो लिहितो म्हणत दोन महिने घालवले, चूक माझीच. मी ठणठणीत आहे. इथल्या गावसभागृहात झाडलोट करतो, चहा ठेवतो. आईचा गुडघा कसा आहे? तुझी ती भांडखोर कोंबडी अंडी देते का?

इथून रोज गॅसची जहाजं जातात, आणि गावचा दवाखाना मात्र पैशाअभावी जूनअखेर बंद होणार. कंपनी म्हणते, इथे नफाच होत नाही, मग कर कशावर भरू? त्यावर आज आमच्याच सभागृहात संसदेच्या समितीची सुनावणी आहे. बाबांना यातलं काही कळवू नकोस. वीस वर्षं त्याच कंपनीचे हिशेब लिहितात ते.

इथे गावच्या प्रत्येक सभेला कंपनीला बोलावतात आणि तिच्यासाठी एक खुर्ची मांडतात, पुढ्यात चहा आणि खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक. तीन वर्षांत तिथे कुणी बसलेलं नाही. पण ताई, कप दर वेळी रिकामा होतो! परवा मी नजर न हलवता पाहिलं. चहा आपोआप खाली खाली गेला, केकवरचं खोबरंसुद्धा उरलं नाही.

माझ्याबरोबर चहा करणारी मर्ल आजी म्हणाली, "घाबरतोस काय, मेल्या? सगळं घेते, दिसत कुठेच नाही. कंपनीच ती!"

मी हसलो. पण धुताना तो कप हाताला बर्फासारखा लागला.

आईला जप.

तुझाच,
डार्सी

ता. क. ताई, आत्ता बाबा आलेत! काखेत कंपनीच्या हिशेबाच्या फायली आहेत. कंपनीच्या खुर्चीला वळसा घालून ते साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. कंपनीपुढचा चहा आज अजून तसाच भरलेला आहे.