पिठातल्या पाहुण्यांचे उपकार

ती. आक्का,

वाकून नमस्कार. (कंबर निम्म्यावर अडकली, उरलेला नमस्कार मनाने पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत, कान कसे आहेत आणि मुख्य म्हणजे तुझी कोठीची खोली कशी आहे? तिची एवढी जिव्हाळ्याने चौकशी का, ते शेवटी कळेल. लहानपणी तू तांदूळ निवडायचीस आणि मी शेजारी बसून शाळेतली कविता घोकायचो. तुझं लक्ष कवितेत जायचं आणि किडे तांदळातच राहायचे. कविता माझी, बोलणी तुला. आता तांदूळही मीच निवडतो, कविताही मीच म्हणतो, आणि बोलणी खायला तू जवळ नाहीस.

झालं असं, की चिरंजीव आणि सूनबाईंनी ठराव पास केला: रविवारी येऊन बघायचं, बाबांना एकट्याने घर झेपतंय का. नाही झेपलं तर उचलून आपल्याकडे न्यायचं. तिथे माझी जागासुद्धा ठरली आहे, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. कविता म्हणायला मुभा आहे, पण मनातल्या मनात. आक्का, मनातल्या मनात म्हटलेली कविता म्हणजे मनातल्या मनात केलेली आंघोळ! (चिरंजीव भला आहे, पण त्या घरात त्याचं मतही मनातल्या मनातच असतं.)

आणि नेमके तेव्हाच स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती इवले इवले पतंग भिरभिरू लागले. शहाण्याने पिठाचा डबा उघडला असता. मी चष्मा काढून ठेवला आणि चौथीतली फुलपाखराची कविता म्हटली, हातवाऱ्यांसकट. एकाने तर खांद्यावर बसून ऐकली. इतका सोशिक श्रोता मला कित्येक वर्षांत लाभला नव्हता. पुढे पिठाला रेशमासारखी जाळी धरली, जाळीत गाठी, गाठींत अळ्या. तिकडे तांदळात काळे सोंडे मिरवू लागले. तेव्हा कुठे काव्य अंगातून उतरलं. तडक वाण्याकडे गेलो. तो वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाला, "काका, माल माझ्याकडून निघाला तेव्हा एकटाच होता."

मग तांदूळ गच्चीवर उन्हात पसरले. ही युक्ती तुझीच, की ऊन लागलं की किडे चालू लागतात. ते चालत कुठे जातात, हे मात्र तू कधी सांगितलं नाहीस. शेजारी खालच्या मजल्यावरच्या बाईंची डाळ वाळत होती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी दोन्ही चादरींची टोकं एकावर एक घेऊन एकाच विटेखाली दाबली (शेजारधर्म, दुसरं काय). म्हणजे पूल मीच बांधून दिला. संध्याकाळी बाई दारात उभ्या. "काका, तुमची मंडळी आमच्याकडे उतरलीयेत. जेवून जाणार, की मुक्काम?" एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पीठ फेकलं, फळ्यांच्या फटी खरवडल्या, डबे धुऊन कोरडे केले, निवडलेले तांदूळ बर्फाच्या कप्प्यात कोंबले. मी काय केलं? बाजूला उभा राहिलो. तीही मदतच होती, असं त्याच म्हणाल्या.

रविवारी सूनबाई आल्या, मागोमाग चिरंजीव. (त्या कचेरीत हिशेब तपासतात आणि घरी माणसं.) मोबाइलचा दिवा लावून एकेक झाकण उघडून पाहिलं. स्वयंपाकघर पास! त्या आनंदात एक कविता ऐकवावी म्हणून मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो, जाड पुस्तक ओढलं, आणि आक्का, पतंगांचा थवाच्या थवा बाहेर पडला तो थेट सूनबाईंच्या केसांत. पुस्तकांच्या मागे चिमण्यांसाठी आणलेल्या दाण्यांची पिशवी होती. मीच ठेवलेली, आणि मीच विसरलेली. तिथून निघून अळ्यांनी पुस्तकांच्या पाठीत कोष विणले होते. माझ्या कवितांच्या इतक्या आत शिरलेलं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

संपलं, म्हटलं. मग बोललो, "चला, पुस्तकं बांधतो." सूनबाई दोन पावलं मागे. "ही पुस्तकं? आमच्याकडे?" चिरंजीव म्हणाला, "अगं, तूच म्हणालीस ना, बाबांना आणू." "बाबांना म्हणाले! सगळ्या वऱ्हाडाला नाही!" मी हळूच म्हटलं, पुस्तकांशिवाय मी यायचो नाही. निकाल लागला: घर निर्धोक होईपर्यंत बाबा इथेच बरे. जाताना त्यांनी जिन्यात पर्ससुद्धा झटकली, आणि चिरंजीव, त्यांची पाठ फिरल्यावर, हसला. मोठ्याने.

सध्या कविता मोठ्याने म्हणणारा,
तुझा धाकटा

ता. क. — खालच्या बाईंनी पुस्तकंही झटकली, पिशवीही फेकली. आता घरात औषधालाही किडा नाही, आणि सूनबाई पुढच्या महिन्यात पुन्हा बघायला येणार आहेत. तरी तुझ्या कोठीतल्या मूठभर अळ्या, जाळीसकट, डबीत घालून लगेच पाठव. सोंडे नकोत, ते दडून बसतात, छाप पडत नाही.

ता. क. दुसरी — माझ्याकडे किडे नाहीत, असली बढाई मला कळवू नकोस. तू निवडलेले तांदूळ मी खाल्ले आहेत.

ता. क. तिसरी — झाकणाला भोकं पाड, आणि बरोबर थोडं पीठ दे. प्रवास लांबचा आहे. पोचेपर्यंत उपाशी नकोत.