यांनी सोडलेली ढील

मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे
(ही गुन्ह्याची वेळ. पत्र बुधवारी लिहिते आहे, कारण काल रागाने अक्षर वाकडं येत होतं आणि खराब अक्षर काढायची मला सवय नाही.)

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. ते वयाच्या नियमाने देते आहे, वागणुकीच्या नव्हे. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सौ.चा खोकला गेला का? माझी तब्येत डॉक्टरांच्या मते समाधानकारक आहे. त्यांना माझ्याकडून फारशा अपेक्षा नव्हत्याच.

तू काल मला पेन्शनच्या कार्यालयात न्यायला आलास, मी अजून जिवंत आहे हे तिथल्या साहेबांना दाखवायला. मी आत खिडक्या लावत होते. मोजून दहा मिनिटं. तेवढ्यात तू पोर्चमधल्या पेटीतून पाना काढलास आणि यांच्या मोटारसायकलची चेन आवळलीस. कोणी सांगितलं होतं? मी बाहेर आले तर तू माझ्या पडद्याला हात पुसत म्हणतोस, “ताई, केवढी लोंबत होती. चौदा महिने कोणी बघितलंच नाही हिच्याकडे.”

कोणी बघितलं नाही म्हणे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या गाडीपाशी पाट टाकून बसते. ब्रशने आणि रॉकेलने चेन धुते, फडक्याने कोरडी करते, चाक फिरवत एकेका कडीला तेल देते. (शेजारीण विचारते, चालवत तर नाही, मग कशाला? तिच्या घरी पियानो आहे.) फक्त चेन आवळायच्या दोन नटांना मी हात लावलेला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. तू पुढे, मी मागे. गाडी कोपऱ्यापर्यंत कण्हत गेली आणि पोस्टापाशी हटून बसली. आपण उतरून ती स्टँडवर लावली तर चाक गरागरा फिरतंय. त्यावर तुझा निष्कर्ष: “गाडीत दोष नाही ताई, वजनात आहे.” भर रस्त्यात. पोस्टमन ऐकत होता. मग आपण ती ढकलत घरी आणली आणि कार्यालयाच्या लेखी मी अजूनही संशयितच राहिले.

आम्हाला शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, दोरा ओढून घेतलात की कापड चुरमडतं, थोडा सोडायला शिका. चेनचंही तेच. गाडीवर माणसं बसली की ती ताणली जाते, म्हणून आधीच ढील सोडावी लागते. चेनचं माप घेताना हे मला मागच्या सीटवर बसवायचे (“हलू नकोस, श्वास घेतलास तरी चालेल”), खाली वाकायचे आणि दोन बोटांनी चेन वरखाली करून बघायचे. एकतीस वर्षं मी तशी बसले, समोरच्या भिंतीकडे बघत. त्यामुळे ते नेमकी किती ढील सोडतात हे मी कधी पाहिलंच नाही. विचारलंही नाही. विचारायला काय, ते होतेच.

शेवटचं माप त्यांनी इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी घेतलं. मी बसले होते. ती ढील चौदा महिने तशीच होती, आणि तुला ती हयगय वाटली.

जाताना तू म्हणालास, भंगारात दे आता. देणार नाही. तुझ्याकडून लेखी माफी हवी आहे, पूर्ण वाक्यांत.

तुझी,
ताई

ता. क. गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, बोटभर ढील ठेवून देतो आजी. गाडीच्या पुस्तिकेतही आकडा आहे. दोन्ही बरोबरच असतील. मी त्याला चहा देऊन परत पाठवलं.

ता. क. २. माफी राहू दे. पडदा धुतला, डाग राहिला, तोही राहू दे. तू डाव्या नटाला किती फेरे दिलेस आणि उजव्याला किती, तेवढं कळव. मी तितकेच उलटे देईन. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, लेखी. आठवत नसेल तर तसं लिही, अंदाजाने आकडा ठोकू नकोस.