डमी लोडवरचं कुंकू

२८ सप्टें. ९८
तिसऱ्या वर्षाला मॅचिंग शिकवलं, खऱ्या ट्रान्समीटरवर. अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड लावला की सगळी पॉवर तो गिळतो, मीटरचा परतीचा काटा शून्यावर. चुकीचा लोड लावला की पॉवर उलटी येते. एक पोरगी म्हणाली, "सर, हे खरंच दिसतंय व्हय!" आजवर जुन्या जर्नलातली रीडिंगं उतरवत होती बिचारी.
लॅब अटेंडंट कांबळे मामा संध्याकाळी नागपूरला, दीक्षाभूमीला. किल्ली मला दिली. "लोडच्या सॉकेटला हात लावू देऊ नका कुणाला." मार्चला रिटायर होतील.

३० सप्टें.
खंडेनवमी. दरवर्षी मामा यंत्रांना कव्हर घालून ठेवतात, पूजा वरूनच होते. यंदा मी कव्हरं काढली, शोभा यावी म्हणून. डमी लोडलाही ओलं कुंकू. सॉकेटचं गोल तोंड टिळ्याला झकास दिसलं, अंगठ्यानं दाबून लावलं.
एच.ओ.डी. खूश. "यंदा पर्मनंट करू की तुम्हाला!"
बायकोला चंदगडला फोन केला. दिवस भरत आलेत तिचे. पर्मनंटचं सांगितलं तर फार हसली.

५ ऑक्टो.
ट्रान्समीटर जळाला. पोरांसमोर. परतीचा काटा टोकाला गेला, मी बटणाकडे हात नेईतो वास सुटला.
नंतर लोड काढून बघितला. सॉकेटात कुंकवाचा वाळका पापुद्रा. जोडच लागला नव्हता.
मामा शेजारीच उभे. मी लोड पुन्हा जागेवर ठेवला.

६ ऑक्टो.
एच.ओ.डी.: "देखभाल कांबळेची. मेमो काढा. नाहीतरी पूजेला नव्हताच तो." सगळे हसले.
मीही हसलो. थू माझ्या जिंदगीवर.

७ ऑक्टो.
मामांना सायकल स्टँडवर गाठलं. किल्ली माझ्याकडं होती हे का नाही सांगितलंत, असं विचारलं.
"कुणी इचारलंच न्हाय की, सर."
मेमो लागला तर पेन्शन अडकणार. त्यांनाही ठाऊक आहे. मामांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत स्पिरिटचा कापूस, लालभडक.
"सॉकेट पुसून ठेवलंय. ह्ये तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे."
रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

८ ऑक्टो.
मेमोवर साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे. अकराला बोलावलंय.
पावणेअकरा. स्टाफरूममधे बसून लिहितोय. पुडी वरच्या खिशात. मामा एच.ओ.डी.च्या दाराशी बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून आलेत. मघाशी शिपाई येऊन गेला, "सर, चला की, सायेब वाट बघत्यात."