आम नक्को, भाई

मंगळवार, संध्याकाळ. नारायणगुडा.

सलीमभाई गेले, हे ह्यांना मी सांगितलंच नव्हतं. पूर्वी डायलिसिसला ह्यांच्या शेजारच्या बेडवर असायचे, नंतर दुसऱ्या सेंटरला जायला लागले. पथ्याचं मोबाइलवर शोधावं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. ह्यांचा विश्वास फक्त सलीमभाईंवर. काहीही खायचं झालं की म्हणणार, विचार त्यांना. मग मोबाइलवर त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा आणि मागे कुकरची शिट्टी.

आज विचारायला लावलं, आंब्याची एक फोड चालेल का? काय करणार? आत जाऊन गेल्या उन्हाळ्यातला मेसेज शोधला आणि बाहेर येऊन लावला. "आम नक्को भाई, पोटॅशियम चढता. पैले डाक्टर कू रिपोर्ट दिखाओ." मागे तीच शिट्टी. गेलेल्या माणसाला कामाला लावतेय मी. पण हे दुसऱ्या कुणाचं ऐकतील?

ह्यांनी फोनकडे बोट केलं. "मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते. शिट्टीसुद्धा तिथंच."

मी फोन पालथा ठेवला.

"कधी गेले?"

"महिना झाला."

ह्यांनी आंब्याची बशी हळूच लांब सरकवली. म्हणाले, "परत लाव."

रात्रीचा भात मी आज पातेल्यातच केला.