एकास एक

९ जानेवारी

लेन्स आली. खोक्यातून बाहेर काढली तर बायको म्हणाली, "एवढ्याशा तिळासाठी एवढी तोफ?"

तीळ तिचाच. पाठीवर, उजव्या खवाट्याखाली – तिला स्वतःला कधीच दिसणार नाही अशा जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आत्ता काळजीचं काही नाही. पण दर पंधरवड्याला जवळून फोटो काढत चला. वाढतोय असं दिसलं तर तीळच काढून तपासायला पाठवू." तपासायचं म्हणजे कशासाठी, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. उतरताना ती जिन्याच्या रंगाबद्दल बोलत राहिली. रंग वाईट होता हे खरं.

तर पहारा माझ्यावर. इतकी वर्षं वर्तमानपत्रात राईचा पर्वत करून पोट भरलं. आता राई राईएवढीच आहे ना, एवढंच सांगायचं. जन्मात न केलेलं काम!

१० जानेवारी

सकाळी तिला खिडकीपाशी स्टुलावर पाठमोरी बसवलं. पहिला फोटो.

ही पाठ? इतकी वर्षं जिच्याकडे पाठ करून झोपलो, ती? हे तर सोनेरी गवताचं माळरान! सगळी लव एका अंगाला कललेली, नुकताच वारा जाऊन गेल्यासारखी. मधोमध एक तपकिरी बेट. कडा धुक्यात विरलेल्या. धुकं म्हणजे फोकस जमला नाही – पण काय सुंदर जमला नाही!

"झालं का? गारठले मी."

"थांब, बेटावर उतरतोय."

"बेटाची परवानगी काढलीत?"

१३ जानेवारी

लेन्सच्या कड्यावर आकडे आहेत. एकास तीन, एकास दोन, एकास एक. माहितीपत्रक म्हणतं, एकास एकला वस्तू 'आहे तेवढीच' येते. कडं तिथपर्यंत फिरवून मुंगीचा फोटो काढला, संगणकाच्या पडद्यावर पट्टी धरली. मुंगी वीतभर! माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

ही शांतपणे चहा पीत होती. भूमापन कचेरीत नकाशे काढते. म्हणाली, "पडद्याचं काय घेऊन बसलात? भिंतीवर लावा, मुंगीचा हत्ती होईल. कॅमेऱ्याच्या आत जिथे चित्र उमटतं, तिथे मुंगी मुंगीएवढीच उमटली की एकास एक. निम्मी उमटली की एकास दोन. संपलं."

"तुला कसं कळलं?"

"आम्ही अख्खं गाव कागदावर मावेल एवढं करतो. तुम्ही उलट्या दिशेने निघालात, एवढंच."

१५ जानेवारी

एकास एक साधायचं तर इतकं जवळ जावं लागतं, की माझीच सावली पडते. इतकी वर्षं लांबून दगड मारणाऱ्याला हे कोण सांगणार होतं?

२४ जानेवारी

दुसरा फोटो. पहिल्याच्या शेजारी ठेवला. तीळ दुप्पट.

ती केस पुसत आली, माझं तोंड पाहिलं, मग पडदा. टॉवेल खांद्यावरच राहिला.

म्हणाली, "कड्यावरचा आकडा काय होता?"

"कधी?"

"दोन्ही वेळा."

मी पाहिलाच नव्हता. फोकस जुळेपर्यंत कडं गरागरा फिरवत होतो.

"आमच्याकडे कुणी प्रमाण न लिहिता नकाशा आणला तर साहेब खिडकीतून भिरकावतात." मग वाकून पडद्याला नाक लावलं. "ही लव बघा. तीही दुप्पट जाड झालीय. तिलाही काही झालंय का? अहो, तीळ नाही वाढला. तुम्ही जवळ आलात."

मी हसलो. हसता हसता कॅमेरा मांडीवरून घसरत होता, तो तिने धरला.

मग नकाशे फळ्याला चिकटवायची तिची पांढरी पट्टी आणली, कडं एकास एकवर ठेवून त्यावरून करकचून गुंडाळली. "आता कड्याला हात नाही. फोकससाठी स्वतः मागेपुढे व्हायचं. जरा इकडेतिकडे झालात तर चित्र धूसर येईल. फसायचा प्रश्नच नाही."

"लग्नात तेच करतोय."

"तिथेही धूसरच आहे."

२५ जानेवारी

पट्टी लावून पुन्हा काढला. हा खरा पहिला. मागचे दोन रद्द.

३ फेब्रुवारी

स्वप्नात त्या गवतातून अनवाणी चालत होतो. जमीन श्वास घेत होती.

८ फेब्रुवारी

तेवढाच! ठिपक्यावर ठिपका. तिला म्हणालो, "मुक्काम हलवलेला नाही." ती म्हणाली, "भाडं मागा मग."

एक गोष्ट शिकलो. ती श्वास घेते तेव्हा बेट धुक्यात जातं, सोडते तेव्हा बाहेर येतं. बटण दाबायचं ते श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी. त्या फटीत सगळं थांबतं – गवत, खिडकीतलं ऊन, मी. आज आधी दाबायलाच विसरलो, नुसताच झुलत बसलो. तीही पाठ न हलवता तशीच बसली. तिलाही ती फट ठाऊक असावी.

संपादकांचा फोन. "सदर हल्ली मवाळ झालंय हो. कुणाला चावत नाही."

म्हटलं, "फार जवळ गेलं की चावायला तोंड उघडत नाही."

"बरं नाहीये का?"

"फार बरं आहे."

२२ फेब्रुवारी

पट्टी जागेवर. आकडा एकास एक. कडा स्वच्छ, धुकं नावालाही नाही. लव तेवढीच बारीक.

तीळ तेवढा नाही.

"काय हो?" ती पाठमोरीच.

"काही नाही. मीच जरा जवळ आलो असेन."

तिने शाल खांद्यावर ओढून घेतली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पट्टी मी लावलीय."